संहिता, संकेतन आणि अपपाठ : जावा-आधारित मराठी संग्रहांच्या संदर्भात

(१)

हस्तलिखितांच्या अभ्यासात लेखनिक हा नेहमीच संशयाचा धनी राहिला आहे. नक्कल करताना ओळ गाळणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत घोटाळा करणे, न उमगलेल्या जुन्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द बसविणे, हे त्याचे दोष पाठचिकित्सेने वर्गवार नोंदवून ठेवले आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती तिच्यात शिरलेल्या अपपाठांमुळेच; आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची उभारणीही नक्कल करणाऱ्यांच्या चुका कोणत्या दिशेने होतात या जाणिवेवर झालेली आहे. गेल्या अडीच-तीन दशकांत मराठी संहितांना एक नवा लेखनिक मिळाला. तो थकत नाही, त्याची ओळ चुकत नाही, अवघड शब्दापाशी तो अडखळत नाही. कारण तो शब्द वाचतच नाही. तो अंक वाचतो. हा लेखनिक म्हणजे संगणक-प्रणाली होय.

या नव्या लेखनिकाचे दोष मानवी लेखनिकाच्या दोषांहून एका बाबतीत निराळे आहेत : ते पूर्णपणे नियमबद्ध असतात. एकच चूक तो लाख ओळींत लाख वेळा, तंतोतंत तशीच करतो. त्यामुळे चुकीचा नियम सापडला तर मूळ पाठ अनेकदा निःसंदिग्धपणे परत मिळतो. मात्र काही चुका अशा असतात की त्यांनंतर परत मिळविण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. हे दोन प्रकार वेगळे ओळखता येणे ही आज केवळ तंत्रज्ञाची गरज राहिलेली नाही. जात्यावरच्या ओव्या, बोलीतील कहाण्या, वहाणाऱ्या शाईच्या वह्यांतून उतरून घेतलेली कीर्तने अशी सामग्री विभागाच्या संग्रहात एकदा भरली, की पुढे सांगणारी माणसे राहत नाहीत आणि वह्याही कसरीच्या स्वाधीन होतात. उरते ती विदागारातील प्रत. ती बिघडली तर ताडून पाहण्यास दुसरी पोथी नसते.

प्रस्तुत लेखात जावा या संगणक-भाषेत रचलेल्या वेब-प्रणालींचा विचार करावयाचा आहे. जावाची निवड सहेतुक आहे. १९९६ मध्ये प्रसृत झालेली ही भाषा जन्मापासून युनिकोड मानणारी आहे. तिच्या पोटात 'क' हे अक्षर प्रथमपासूनच 'क' म्हणून राहू शकत होते. असे असूनही तिच्यावर उभारलेल्या प्रणालींत देवनागरी मजकूर वर्षानुवर्षे बिघडत राहिला. या विसंगतीचे कारण असे, की अंतरंग युनिकोडचे असले तरी उंबरठे लॅटिनचे होते; आणि पाठाचा घात नेहमी उंबरठ्यावर झाला.

(२)

संगणकात अक्षर साठविले जात नाही, त्याचा क्रमांक साठविला जातो. कोणत्या क्रमांकाने कोणते अक्षर समजावयाचे याच्या ठरावास वर्णसंकेतन म्हणतात. मराठी अभ्यासकांस ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. किल्ली हाती नसलेल्या वाचकास ती पाने निरर्थक, किल्ली असलेल्यास तोच लीळांचा मजकूर. पान बदलत नाही, किल्ली बदलते. संगणकावरील प्रत्येक मजकूर या अर्थाने सकळ लिपीतच असतो. फरक इतकाच की येथे किल्ली कोणती हे मजकुराच्या अंगावर लिहिलेले नसते. ते वेगळे सांगावे लागते, आणि न सांगितल्यास यंत्र आपल्या सवयीची किल्ली लावून मोकळे होते.

देवनागरीसाठी अशा किल्ल्या अनेक झाल्या. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' हे आठ-बिटी मानक निश्चित केले. त्याच सुमारास मुद्रणव्यवसायात प्रत्येक टंकाची आपली मांडणी रूढ झाली. तेथे क्रमांक अक्षराचा नसून अक्षराच्या आकाराच्या तुकड्याचा असे, आणि तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर रोमन चिन्हांचा कचरा म्हणून उघडे. १९९१ मध्येच पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने जगातील लिप्यांना एकच क्रमपट दिला. त्यात देवनागरीस २३०४ ते २४३१ ही १२८ घरे मिळाली आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतली गेली. 'क' चा क्रमांक २३२५.

हे क्रमांक एका बाइटात, म्हणजे ० ते २५५ या मर्यादेत, मावत नाहीत. म्हणून ते बाइटांत उतरविण्याची पद्धत लागते. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजलेली यूटीएफ-८ ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते : 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. 'मराठी' या शब्दात युनिकोडच्या दृष्टीने पाच चिन्हे आहेत (म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी), म्हणजे पंधरा बाइट. मात्रा हे येथे स्वतंत्र चिन्ह असते, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवे.

याउलट पश्चिम युरोपीय भाषांसाठी झालेले आयएसओ-८८५९-१, ज्याला व्यवहारात लॅटिन-१ म्हणतात, हे संकेतन एका बाइटास एक चिन्ह मानते. हीच किल्ली जालावरील मजकुराचे गृहीत संकेतन होऊन बसली. एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमपत्रकात ती गृहीत धरलेली होती. २०१४ च्या सुधारणेत ते गृहीत काढून टाकण्यात आले. पंधरा वर्षांचा हा काळ मराठी संग्रह जालावर येण्याचाही काळ होता, हा योगायोग महागात पडला.

(३)

समजा, एक विद्यार्थिनी ओवी नोंदविण्याच्या अर्जात 'मराठी' असे टंकित करते आणि पाठविण्याची कळ दाबते. ब्राउझर पंधरा बाइट रवाना करतो. ते यूटीएफ-८ आहेत हे मात्र बहुधा सांगत नाही. सर्व्हरवर जावाचा 'सर्व्हलेट' हा घटक ते घेतो. सर्व्हलेटच्या विनिर्देशाने ठरवून दिले होते, की प्रेषकाने संकेतन न सांगितल्यास लॅटिन-१ धरावे. तेव्हा पंधरा बाइटांची पंधरा चिन्हे होतात आणि जावाच्या पोटात, संपूर्ण युनिकोड-निष्ठेने, पंधरा परकी चिन्हे जाऊन बसतात. जावाने यात काहीच चुकविलेले नाही. तिला दिलेली किल्ली चुकीची होती.

यावरील उपाय २००१ च्या सर्व्हलेट २.३ मध्ये आला : 'सेट-कॅरेक्टर-एन्कोडिंग' या आज्ञेने, आलेला मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचावा असे सांगता येऊ लागले. परंतु ही आज्ञा अर्जातील पहिले मूल्य वाचण्यापूर्वी दिली पाहिजे. एकदा एक जरी मूल्य वाचले गेले, की सारा अर्ज जुन्या किल्लीने उलगडलेला असतो आणि नंतरची आज्ञा कसलीही तक्रार न करता निष्फळ ठरते. प्रणालीत प्रवेश तपासणारी गाळणी आधी आणि संकेतन सांगणारी गाळणी नंतर लावल्यामुळे कित्येक प्रणाली याच ठिकाणी फसल्या. संकेतनाची गाळणी सर्वांत पुढे हवी, हा नियम म्हणूनच. २०१७ च्या सर्व्हलेट ४.० पासून ही घोषणा प्रणालीच्या विन्यास-पत्रातच, संपूर्ण प्रणालीसाठी एकदा, करण्याची सोय झाली.

शोधाचा मजकूर पुष्कळदा अर्जाच्या पोटातून न जाता पत्त्याच्या ओळीतून जातो. त्याची किल्ली निराळी. टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरमध्ये ती 'यूआरआय-एन्कोडिंग' या नावाने, प्रणालीबाहेर, सर्व्हरच्या विन्यासात ठेवलेली असते. टॉमकॅट ७ पर्यंत तिचे गृहीत मूल्य लॅटिन-१ होते, आवृत्ती ८ पासून यूटीएफ-८ झाले. त्यामुळे जुन्या प्रणालीत असे दृश्य दिसे, की ओवी नीट साठते, नीट दिसते, पण तिच्यातलाच शब्द शोधला तर 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. अभ्यासक त्याचा अर्थ 'हा शब्द संग्रहात नाही' असा घेतो. शब्दकोशाच्या कामात एखाद्या रूपाची अनुपस्थिती हाही पुरावा मानला जातो, तेथे या उत्तराने काय घडू शकते याची कल्पना करता येईल.

बाहेर पडण्याच्या वाटेवरही उंबरठे आहेतच. उत्तराचे संकेतन 'गेट-रायटर' मागण्यापूर्वी जाहीर करावे लागते. जेएसपी पृष्ठात ती फाइल कोणत्या संकेतनात जतन केली आहे आणि ब्राउझरला कोणते सांगावयाचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या एकच समजण्याची चूक सर्रास होते. पडद्यावरील मराठी सूचना ज्या गुणधर्म-फाइलींत ठेवतात त्या जावा ९ पर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत, लॅटिन-१ म्हणूनच वाचल्या जात. विदागाराशी होणाऱ्या जोडणीची किल्ली आणखी वेगळी. या सर्वांवर कडी म्हणजे, संकेतन न सांगता फाइल उघडली तर जावा यजमान यंत्राची सवय उचलत असे : विंडोजवर एक, लिनक्सवर दुसरी. कार्यालयातील यंत्रावर शुद्ध असलेला पाठ विद्यापीठाच्या सर्व्हरवर अशुद्ध होई तो त्यामुळे. मार्च २०२२ च्या जावा १८ ने सर्वत्र यूटीएफ-८ हेच गृहीत केले. जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या प्रणालींना मात्र या सुधारणेचा लाभ नाही.

(४)

आता अपपाठांच्या प्रकारांकडे वळता येईल. पाठचिकित्सकाच्या दृष्टीने हाच विषयाचा गाभा आहे.

पहिला प्रकार वर आलाच. यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले गेले, की प्रत्येक देवनागरी चिन्हाची तीन चिन्हे होतात आणि पडद्यावर तोच तो स्वराघातयुक्त रोमन 'ए' व चलनाचे चिन्ह अशी रांग दिसते. दिसावयास हा प्रकार भयंकर, प्रत्यक्षात तो सर्वांत निरुपद्रवी आहे. जावाचे लॅटिन-१ सर्व २५६ बाइटांना एकेक चिन्ह देते, त्यामुळे काहीच हरवत नाही. तीच चिन्हे पुन्हा लॅटिन-१ ने बाइटांत उतरवून यूटीएफ-८ ने वाचली की मूळ ओवी जशीच्या तशी परत येते. घाबरून असा संग्रह टाकून देणे हा अपराध ठरेल.

दुसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. जावाच्या पोटातील शुद्ध देवनागरी लॅटिन-१ मध्ये लिहावयास सांगितली, तर त्या संकेतनात 'म' ला जागाच नसल्याने जावा प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह मांडते. 'मराठी' चे पाच प्रश्नचिन्हांत रूपांतर होते आणि 'कानडी' चेही पाचच. हे दिसावयास नीटनेटके असते, आणि येथे सर्व संपलेले असते. विदागारात अशी ओळ गेली असेल तर चिन्हसंख्येपलीकडे तिच्याविषयी काहीही सांगता येत नाही.

या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार अभ्यासकांचे विशेष लक्ष वेधून घेणारा आहे. विंडोज यंत्रांवर लॅटिन-१ च्या जागी 'विंडोज-१२५२' हे जवळचे संकेतन वापरले जाई. दोन्ही बहुतांशी सारखी. परंतु विंडोज-१२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच बाइटांना चिन्ह नेमलेले नाही. हे बाइट आले की जावा त्यांच्या जागी 'अज्ञात' असे एकच चिन्ह ठेवते. आता देवनागरीत या अंकांनी संपणारी चिन्हे कोणती ते पाहावे. १६४ या मधल्या बाइटाबरोबर ती ँ, ऍ, ए, ऐ आणि झ. १६५ बरोबर मुख्यतः ऱ्हस्व उकार, हलन्त आणि ॐ. म्हणजे उलट प्रक्रियेने पाठ परत मिळविताना बहुतेक अक्षरे सुखरूप येतात, परंतु प्रत्येक जोडाक्षराचा पाय मोडलेला असतो आणि तेथे हलन्त होता की उकार, हे यंत्रास सांगता येत नाही.

'पु_तक' असा अवशेष मिळाल्यास 'पुस्तक' हे कोणीही ओळखील, असे म्हणावयाचा मोह होतो. पण त्यात 'पु' तरी कोठे उरला? उरतो तो 'प_स_तक'. संदर्भाने येथेही भागते. लोकसाहित्यात मात्र भागत नाही. ओवीत 'द्वार' आहे की 'दुवार', हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नसून गाणारीच्या उच्चाराचा, अक्षरसंख्येचा आणि प्रदेशाचा प्रश्न असतो. या दोन रूपांत युनिकोडच्या पातळीवर फरक आहे तो नेमका एका चिन्हाचा : एकात 'द' नंतर हलन्त, दुसऱ्यात 'द' नंतर उकार. दोन्ही चिन्हे एकाच 'अज्ञात' चिन्हात विलीन झाली, की यंत्राने नेमका तोच भेद पुसला जो नोंदविण्यासाठी संकलक गावोगाव हिंडला होता. शब्दकोशाच्या आधाराने केलेली आपोआप दुरुस्ती येथे 'द्वार' हेच रूप बसवील, आणि सोपा पाठ अवघड पाठास गिळतो हा जुना अनुभव पुन्हा येईल.

चौथा प्रकार फसवा आहे, कारण तो दिसत नाही. पृष्ठ लॅटिन-१ म्हणून जाहीर झालेले असताना त्यातील अर्जात देवनागरी लिहिली, तर ब्राउझर प्रत्येक चिन्हाचा दशमान क्रमांक एचटीएमएलच्या खुणेत गुंडाळून पाठवितो. 'म' च्या जागी २३५० हा अंक आणि त्याभोवती तीन खुणा, अशी सात चिन्हे. 'मराठी' ची पस्तीस. पृष्ठावर पुन्हा दाखविताना ब्राउझर त्यांचे देवनागरी करतो, त्यामुळे सर्व काही सुरळीत भासते. तसेच दोन चुकांनी एकमेकींना झाकण्याचेही होते : येताना लॅटिन-१ ने वाचले, जाताना लॅटिन-१ ने लिहिले आणि ब्राउझरने ते पृष्ठ यूटीएफ-८ मानून उघडले, की पडद्यावर शुद्ध मराठी आणि विदागारात पंधरा परकी चिन्हे. पन्नास चिन्हांची मर्यादा असलेल्या रकान्यात अशा वेळी देवनागरीची सोळाच चिन्हे पुरती मावतात आणि सतरावे मधोमध तुटते. एखादा नवा तंत्रज्ञ यांपैकी एकच चूक सुधारतो, आणि त्या दिवसापासून जुना संग्रह बिघडलेला दिसू लागतो. दोष मात्र त्याच्या माथी येतो ! पडद्यावर पाठ नीट दिसतो ही गोष्ट पाठ नीट असल्याचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. प्रत्यक्ष साठलेले बाइट पाहावे लागतात, जसे पोथीच्या छापील नकलेवर न विसंबता मूळ पान पाहावे लागते.

(५)

बाइट बिनचूक असले म्हणजे संहिता निश्चित झाली, असेही नाही. 'दरी' चे अनेकवचन 'दऱ्या' आणि सागर या अर्थीचा 'दर्या' यांतील भेद मराठीने जपलेला आहे. युनिकोडमध्ये 'दऱ्या' तीन रीतींनी लिहिलेला आढळतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त घेऊन, 'र' खाली नुक्ता देऊन, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्ही एकच. पहिल्या दोहोंना जावा ६ पासून उपलब्ध असलेला 'नॉर्मलायझर' एकरूप करतो. तिसरीस करीत नाही. 'अदृश्य चिन्हे काढून टाका' अशी सफाई कोणी केली, तर तिसऱ्या रीतीच्या सर्व दऱ्या एका क्षणात दर्या होतात. येथे कोणतेही प्रश्नचिन्ह उमटत नाही, कोणताही कचरा दिसत नाही; एक अर्थपूर्ण शब्द जाऊन दुसरा अर्थपूर्ण शब्द येतो, आणि अपपाठाचा याहून वाईट प्रकार पाठचिकित्सेस ठाऊक नाही.

'बँक' (चंद्रबिंदू) आणि 'बॅंक' (अर्धचंद्र व अनुस्वार), तसेच २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलेले 'ॲ' आणि त्यापूर्वी 'अ' वर अर्धचंद्र देऊन साधलेले रूप, यांचीही गत अशीच. नॉर्मलायझर त्यांना हात लावीत नाही. त्यांचे समीकरण संग्रहकर्त्याने स्वतः ठरवावयाचे असते, आणि तेही शोधसूचीपुरते. मूळ नोंद आली तशीच राहिली पाहिजे. आणखी एक घातक सवय अशी, की नाव किंवा शब्द 'फक्त अक्षरांचा' असावा म्हणून जावाच्या 'इज-लेटर' या कसोटीने चिन्हे गाळली जातात. त्या कसोटीत मात्रा अक्षर ठरत नाही. 'मराठी' गाळणीतून निघतो तो 'मरठ' होऊन.

मोडीचा प्रश्न याहून पुढचा. मोडीस युनिकोडमध्ये २०१४ साली, आवृत्ती ७.० मध्ये, स्थान मिळाले, पण ते ६५,५३५ या क्रमांकाच्या पलीकडे. जावाचे मूळचे अक्षर-माप सोळा बिटांचे असल्याने मोडीचे एक चिन्ह तेथे दोन घरे व्यापते. 'लेंग्थ' विचारली तर एकाच अक्षराची लांबी दोन येते आणि ओळ मधोमध कापली तर अर्धे अक्षर हाती राहते. २००४ च्या जावा ५ पासून संपूर्ण क्रमांकाने मोजण्याच्या वेगळ्या आज्ञा आहेत, त्या वापराव्या लागतात. विदागाराच्या बाजूसही सापळा आहे. मायएसक्यूएलमधील 'यूटीएफ-८' या नावाचे जुने संकेतन तीन बाइटांपर्यंतच जाई. देवनागरीस ते पुरत असल्याने मराठी संग्रहांत कोणाच्या लक्षात आले नाही. मोडीचे प्रत्येक चिन्ह चार बाइट मागते. कडक तपासणी बंद असल्यास पहिल्या मोडी चिन्हापाशी ओळ तुटून पुढचा मजकूर नाहीसा होतो. २०१० पासून उपलब्ध असलेले 'यूटीएफ-८-एमबी-४' हे संकेतन २०१८ च्या आवृत्ती ८.० मध्ये गृहीत झाले. त्यापूर्वी उभारलेले संग्रह आपोआप बदललेले नाहीत.

संग्रह स्वीकारण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून 'मराठी चालते' एवढे ऐकून घेण्याऐवजी विभागाने स्वतः एक चाचणीची ओळ तयार ठेवावी. 'एक', 'ऐक', 'झुंज', 'द्वार', 'दुवार', 'बँक', 'ॲप', 'ॐ' हे शब्द, तिन्ही रीतींनी लिहिलेला 'दऱ्या' आणि शेवटी एक मोडी अक्षर तीत असावे. ती ओळ अर्जातून भरावी, पत्त्याच्या ओळीतून शोधावी, विदागारातून थेट काढून तिचे बाइट मोजावेत, आणि सर्व्हर बदलला, जावाची आवृत्ती बदलली अथवा संग्रहाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेली, की त्याच दिवशी पुन्हा मोजावेत. 'मराठी' साठी आकडा पंधराच आला पाहिजे. पाच आला तर प्रश्नचिन्हे साठली आहेत, पस्तीस आला तर दशमान खुणा. तीस आला तर दुहेरी संकेतन झालेले आहे आणि पाठ अजून वाचविता येईल.